कवीच्या घरातलं जातं

सोनिवलीची राजाबाई हाताने उदार आणि तोंडाने फटकळ. तिच्या घराला लागूनच एका मोठ्या कवीचं घर होतं. कवी वारले आणि १९५५ साली मुंबईच्या मंडळींनी त्या घराचं संग्रहालय करायचं ठरवलं. पण आत मांडायला काही उरलंच नव्हतं. भाऊबंदांनी पळीपंचपात्रासकट सगळं वाटून नेलं होतं. तेव्हा मंडळी राजाबाईच्या दारात आली. "जात्यावाचून कवींचं बालपण दिसणार कसं? उद्घाटनापुरतं तुमचं द्या, दोन दिवसांत परत करतो." राजाबाईने दिलं. त्या दोन दिवसांची दोन वर्षं झाली. बाई डोक्यावर दळण घेऊन बदलापूरच्या गिरणीत खेटे घालत राहिली.

शेवटी एका दुपारी ती जातं मागायला थेट संग्रहालयात शिरली. तिथे मुंबईहून आलेल्या एक लेखिकाबाई जात्यासमोर डोळे पुसत उभ्या होत्या. राजाबाईने सवयीने खुंट्याला हात घातला, तशा त्या कडाडल्या, "अहो, हात लावू नका! कवींच्या मातोश्री यावर दळायच्या."

"दळायच्या न्हाईत, दळून घ्यायच्या," राजाबाई म्हणाली. "दळण आमच्याकडे पाठवायच्या आणि दळायची माझी सासू."

जातं काही एकटीला उचलवणार नव्हतं. तिने खुंटा हिसडून उपसला आणि कमरेला खोचला.

"जातं राहू द्या, खुंटा मी नेते. मातोश्रींना तो तेव्हाही लागत नव्हता."