राणीच्या दाराची जाळी

केवळाबाईनं राणीमाशीसकट सगळा थवा पेटीत घातला, झाकण लावलं, उडू नये म्हणून वर धोंडा ठेवला, आणि दार सताड उघडं टाकून चहा प्यायला गेली. दाराला लावायची जाळी तिच्या कमरेलाच खोचलेली होती. या जाळीतून कामकरी माशा ये-जा करतात, अंगानं जाड राणी तेवढी आत राहते, आणि राणी राहिली की सगळ्या राहतात. मधमाश्यांच्या प्रशिक्षणात हे तिनंच सगळ्यांआधी हात वर करून सांगितलं होतं.

चहा संपेस्तोवर थवा बांध ओलांडून दिराच्या बाभळीला लोंबला.

दोन वर्षं ती पेटी रिकामी. झरीच्या बाजारात बाया मुद्दाम विचारायच्या, "केवळाबाई, आले का पाव्हणे?" आज कुठं आले होते.

तिनं जुन्या लुगड्याची चिंधी बाभळीच्या खोडाला बांधली. झाड कुणाचंही असो, ज्याची चिंधी त्याचं मोहोळ. मेंढरांमागं फिरणारेसुद्धा मग त्या झाडाला हात लावत नाहीत.

दीर भागवत खाली उभाच होता.

"भावजी, उन्हाचं हलवलं तर पुन्हा बिथरतील. सांजंला पेटी आणते. तवर राखा."

"राखतो की वहिनी! तुमचंच हाय." मग तिच्या कमरेकडं बघत, "एवढुशा जाळीनं राणी अडती व्हय? बघू."

तिनं दिली. शिकवायची हौस दांडगी; कशी सरकवायची, कुठली बाजू वर, सगळं समजावलं. भागवतही प्रशिक्षणाला गेला होता, पण जेवणापुरता. त्याच्या पेटीत कोंबडी अंडी घालायची.

दिवस बुडताना केवळाबाई पेटी डोक्यावर घेऊन आली, तर कोंबडी बांधावर फुगून बसलेली. बाभळीची फांदी रिकामी. चिंधी जशीच्या तशी. आणि लिंबाखाली भागवतची पेटी घुमत होती. दाराला जाळी, बरोबर तीच बाजू वर.

"चिंधी दिसली न्हाई का, भावजी?"

"दिसली की. हात तरी लावला का मी तिला?" भागवत पाय हलवत बसला होता. "तुमच्याकडं थांबल्याच न्हाईत त्या, वहिनी. आता हितं रमायल्यात, तर माझं काय चुकलं?"

तिच्या तोंडाशी लय आलं. पण दार उघडं तिनंच टाकलं होतं. डोक्यावरची पेटी उतरवायचंही तिला सुचेना.

"जाळी माझी हाय," एवढंच ती म्हणाली.

"देतो की. माशा रुळू द्या."

माशा रुळल्या. रोज सकाळी बांध ओलांडून तिच्याच कांद्याच्या फुलांवर येतात, पोटभर खातात आणि दिराच्या घरी मध घालतात. केवळाबाई हाकलत नाही. बेघर झालेली कोंबडी आता तिच्या रिकाम्या पेटीत बसते, आणि अंडी ती इमानानं दिराकडं पोचवते. देताना दर वेळी विचारते,

"भावजी, जाळी?"

"देतो की वहिनी," भागवत अंडी घेत म्हणतो.