शाल आईला, नारळ काकांना

माझ्या आईनं मला कधीही उपाशी ठेवलेलं नाही. हे मी लेखी देतोय, कारण तशी अट आहे. अट आईचीच. लेखी मिळेपर्यंत ती माझ्याशी बोलणार नाही, वाढणार मात्र दुप्पट! सध्या माझ्या पोळीवर इतकं तूप पडतंय, की खाली पोळी आहे हे विश्वासावर धरून चालावं लागतं.

झालं असं. गौलीगुड्यातल्या ज्या मराठी शाळेत मी शिकलो, तिथल्या मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला. "दहावीच्या मुलांचा निरोप समारंभ आहे. चार शब्द सांगा त्यांना. शाल-श्रीफळ देऊन सत्कारही करू." आमच्या अख्ख्या खानदानात कॉलेजात गेलेला मी पहिला माणूस. अंबरपेठेतल्या आमच्या दारावर पाटी आहे, तिच्यावर माझ्या नावापेक्षा बी.कॉम. मोठं आहे (आणि ते तसंच राहणार!). तेव्हा मला बोलावलं यात नवल काहीच नव्हतं. नवल असलंच तर इतकी वर्षं का बोलावलं नाही, याचं!

माझी चूक एवढीच, की मी घरी सांगितलं. 'सत्कार' हा शब्द ऐकताच आईनं फोन हातात घेतला आणि आमच्या घरात कार्य असल्यासारखी आमंत्रणं सुटली. दत्तूकाकांचं अफझलगंजात सुतळी-पोत्यांचं दुकान आहे. शहर बंद असलं तरी ते शटर अर्धं वर ठेवतात. त्या काकांनी दुकानाला कुलूप लावलं! गोदाआत्या जरीकाठाची साडी नेसून, ओटीचं सामान घेऊन हजर.

"आत्या, ओटी कुणाची भरणार?"

"बाईंची. रिकाम्या हातानं जातंय का कुणी?"

"अगं, लग्न नाहीये हे! भाषण आहे, मुलांसाठी."

"मग कर की भाषण," काका म्हणाले. "आम्ही काय मधे बोलनार हाव का? गप बसून ऐकतो."

गप! हा शब्द काकांचा आहे, हे लक्षात असू द्या.

शाळेत पहिल्या रांगेत कमिटीच्या लोकांसाठी सोफा ठेवला होता. आमची मंडळी आल्या आल्या त्याच्यावर बसली. कमिटी मागं उभी राहिली.

आता भाषणाबद्दल माझी बाजू ऐकून घ्या. मुलांना उपदेश करायचा तर गरिबी लागते. त्याशिवाय कुणी ऐकत नाही. मी स्वतः दहावीत असताना आलेले पाहुणे म्हणाले होते, की ते रोज मूसी नदी पोहून शाळेत यायचे. मूसीवर तेव्हाही पूल होते आणि पाणी घोट्याला लागत होतं. पण टाळ्या पडल्या की नाही? कडकडून पडल्या! कारण त्यांची आई समोर बसली नव्हती.

मी माइक धरला. "विद्यार्थी मित्रांनो, मी रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून अभ्यास केला..."

"कोन्ता रस्ता?" सोफ्यावरून आवाज आला.

मी हसून पुढं जायला बघितलं. पण काका उभेच राहिले. "माझ्या दुकानात बसायचास की रे सुध्या! पोत्यांच्या थप्पीवर, ट्यूबलाइटखाली! पंखासुद्धा तुझ्याकडं फिरवून ठेवलेला. गिऱ्हाईक घामानं भिजायचं, पण हा वाचतोय म्हणून भाव हल्लू बोलायचो मी!"

मुलं खिदळली. मी घाम पुसला. खरं तर इथंच थांबायला पाहिजे होतं. पण पाठ केलेल्या भाषणाला ब्रेक नसतो. तोंडातून पुढचं वाक्य आपोआप बाहेर पडलं. "कित्येकदा मी उपाशीपोटी झोपलो..."

आई उठली. ती काकांसारखी ओरडली नाही. ओरडली असती तर परवडलं असतं.

"कवा रे?"

"आई, ते भाषणात असतं तसं..."

"कवा उपाशी निजलास, सांग की! पोळीला तूप कमी लागलं म्हणून ताट सरकवणारा तू. घरात तूप वाटीभर असायचं, ते कुणाच्या पोळीवर जात होतं? तुझे बाबा कोरडी भाकर घेऊन कामावर जायचे. तुला दिसलंच न्हाई काय?" तिनं पदरानं डोळे पुसले आणि मुलांकडं वळली. "बाळांनो, मी जेवू घातलंय याला. पोटभर."

माझे कान तापले. राग कुणाचा आला होता, ते आजही नक्की सांगता येत नाही. पण आला होता जोरदार! एखाद्या माणसाला स्वतःच्या भाषणात थोडंसं उपाशी राहण्याचाही हक्क नाही?

त्या रागात शेवटचा आधार म्हणून मी माइकमध्ये ओरडलो, "सांगायचं एवढंच, की माझ्या पाठीशी कुणी नव्हतं!"

"अय्यो!" गोदाआत्या.

ती थेट स्टेजवरच आली आणि माइक आपल्याकडं ओढून घेतला. "इंटरच्या परीक्षेला गेटाबाहेर उन्हात मी बसले होते, नारळपाणी घेऊन. पोलीस म्हणला, अम्मा हटो. मी म्हणलं, मेरा बच्चा अंदर है, तूच हट! शेवटी त्यानं मला आपला स्टूल दिला!"

टाळ्या! शिट्ट्या! हे भाषण माझं होतं, याची आठवण फक्त मला उरली होती. बाईंनी घाईघाईनं सावरलं. "आता कुणाला सरांना प्रश्न विचारायचा असेल तर विचारा."

दोन वेण्यांची एक मुलगी उभी राहिली. चेहरा अगदी गंभीर. "सर, लाइट काकांची, तूप आजीचं, नारळपाणी आत्याचं. मग तुम्ही काय केलं?"

मी भाषणाच्या कागदाकडं पाहिलं. चार पानं भरून लिहिलेलं, पण याचं उत्तर त्यात कुठंच नव्हतं.

"मी..." म्हणालो, "मी पास झालो."

पहिली टाळी आईची. "हौ! तेवढं मात्र यानं एकट्यानं केलं!"

मग मीही कागद घडी करून खिशात घातला आणि चिडूनच सांगून टाकलं, "पोरांनो, तुम्हीही पास व्हा! बाकी सगळं घरचे करतात. फक्त पुढं कधी भाषणाला उभे राहिलात तर ते समोर बसलेत का, आधी बघून घ्या!"

सत्काराची वेळ आली. बाईंनी शाल उघडली, माझ्याकडं बघितलं, सोफ्याकडं बघितलं आणि सरळ खाली उतरून ती आईच्या खांद्यावर घातली. नारळ काकांना. पुष्पगुच्छ आत्याला. मला चहा मिळाला, तोही अर्धाच. बाकीचा कमिटीला गेला होता.

परतताना आम्ही सात सीटांची ऑटो केली. शालीला चुणी पडू नये म्हणून आई ऐसपैस बसली, नारळाला वेगळी जागा लागली, फुलं चेंगरू नयेत म्हणून मला पुढं ड्रायव्हरजवळ अर्ध्या सीटवर बसवलं.

"क्या फंक्शन था, चाचा?" ड्रायव्हरनं विचारलं.

"हमारे भतीजे का सत्कार!" काका छाती फुगवून म्हणाले. "खानदान में पैला ग्रॅज्युएट!"

ड्रायव्हरनं आरशातून शाल पाहिली, नारळ पाहिला, पुष्पगुच्छ पाहिला. मग मला कोपरानं ढकलून म्हणाला, "थोडा सरको भाई, गियर नै पड रा." आणि मागं वळून आपुलकीनं विचारलं, "फिर भतीजे को साथ मे नै लाए क्या?"