चिरलेला चेंडू

महारुद्र सरांनी पंचवीस वर्षं शाळेत कवायत घेतली, बेसबॉलचे पंच म्हणून तालुके पालथे घातले आणि एकदाही दिलेला निर्णय मागे घेतला नाही. स्वतःच्या डोळ्यांवर त्यांचा भारी विश्वास. त्यामुळे तेरखेड्याच्या शिवांजलीने टाकलेला चेंडू बॅटपाशी येऊन एकदम खाली पडताना दिसला, तेव्हा सरांनी ठरवूनच टाकलं की चेंडूत काहीतरी भरलंय. पोरीची आई फटाक्याच्या कारखान्यात सुतळी बॉम्ब वळायची. म्हणजे भरणं-गुंडाळणं घरचंच. सरांनी चेंडू जप्त केला आणि जिल्हा निवडीच्या यादीतून शिवांजलीचं नाव खोडलं.

घरी येऊन त्यांनी चेंडू विळीवर चिरला. आत गुंडाळलेला दोरा आणि मधोमध रबराची गोळी. मग शाळेचा चेंडू चिरला. तोही अगदी तसाच. सरांना जेवण गेलं नाही, आपण एका पोरीला चोर ठरवलं याची लाज वाटली.

सकाळीच ते तेरखेड्याला गेले. शिवांजली रुसलेली होती. तिने सरांना मैदानाच्या कडेला लांब उभं केलं आणि चेंडू टाकत राहिली. बाजूने पाहिलं तर चेंडू मध्येच कुठे पडत नव्हता. हातातून सुटल्यापासून एकसारखा वाकत येत होता. पुढच्या बाजूला गिरकी घेणारा चेंडू हवेला वर लोटतो आणि हवा त्याला खाली दाबते, हे तिचं म्हणणं सरांनाही पटलं. मग समोरून तो एकदम पडताना का दिसतो?

विज्ञानाच्या बाईंनी सांगितलेलं शिवांजलीने सांगितलं. "सर, चेंडू जवळ आला की नजर मागं पडती. मग त्यो डोळ्याच्या कोपऱ्यात जातो. कोपऱ्याला गिरकी कुठली आन् चाल कुठली ते उमगत न्हाय. म्हून चेंडू एकदम पडल्यागत वाटतो."

सोमवारी निवडीला सरांनी सगळ्यांसमोर चिरलेला चेंडू धरला. "पोरीचा चेंडू खरा हाय. डोळा माझा फसला."

एवढ्यावर न थांबता त्यांनी बॅट घेतली. आता त्यांना सगळं ठाऊक होतं, तरी शिवांजलीचा चेंडू बॅटपाशी आला आणि त्यांना एकदम खाली पडतानाच दिसला. सरांची बॅट हवेतच फिरली, पोरी खळखळून हसल्या. सरांनी पेन काढलं आणि यादीत सगळ्यात वर शिवांजलीचं नाव लिहिलं.