हातखंब्याहून परत येताना

१९३० च्या आसपास रत्नागिरीत आम्हा मित्रांपैकी पाच जणांकडे सायकली होत्या. मी कचेरीत कारकून. माझी सायकल मुंबईच्या थोरल्या भावाने बोटीने पाठवलेली, कोरी करकरीत. आमच्यातला एक मिरकरवाड्याच्या शाळेत मास्तर होता. त्याची सायकल जुनी, दोनदा सांधलेली, पण तिच्यावर तो आम्हा सगळ्यांना मागे टाकी. दर रविवारी भाट्याच्या खाडीवर तरीच्या होडीत सायकल चढवून तो पावसला आईकडे जाई आणि संध्याकाळी परत येई. त्याचे पाय त्या वाटेवरच्या चढांनीच घडवले होते.

एका हिवाळ्यात आम्ही शर्यत ठरवली. पहाटे सगळ्यांनी मिळून हातखंब्याला जायचं आणि तिथून गावापर्यंत परत, जो पहिला येईल तो जिंकला. ओळखीच्या एका वकिलांनी सायकलीला लावायचा कार्बाइडचा दिवा बक्षीस लावला होता. खरं सांगायचं तर मला दिवा नको होता. मला एकदा तरी मास्तराच्या पुढे यायचं होतं.

परतीच्या वाटेवर थोड्याच वेळात आम्ही दोघेच पुढे राहिलो. सड्यावरच्या सपाटीचा रस्ता सरळ होता, लाल धूळ डोळ्यांत जात होती. पुढे उतार लागला. मास्तर माझ्यापुढे असेल पन्नासेक हात. वळणावर त्याचं चाक खडीवरून घसरलं आणि सायकलीसकट तो मोरीच्या कडेने खाली गेला. मी तिथे पोचलो तेव्हा तो झुडपात कुशीवर पडला होता. त्याने एक हात वर केला. मी पाहिलं, मान वळवली आणि पायडल मारलं. उठेल, कपडे झटकेल आणि येईल, असं मी स्वतःला सांगितलं. ते मला तेव्हाही पटलं नव्हतं.

गावात मी पहिला आलो. बाकीचे तिघे बऱ्याच वेळाने आले. मोरीखालचा माणूस रस्त्यावरून दिसत नव्हता, त्यामुळे ते तसेच पुढे आले होते. मास्तर कुठे, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, "चेन पडली असेल. येईल मागून."

त्या वाक्यावर सगळे निश्चिंत झाले. चहा झाला, दिवा माझ्या हातात आला. तासाभराने दोघे जण शोधायला निघाले, तर वाटेतच मास्तराला घेऊन येणारी बैलगाडी भेटली. गाडीवानाने त्याचं कण्हणं ऐकून त्याला वर काढला होता. गुडघ्याचं हाड मोडलं होतं. पुढे ते सांधलं, पण गुडघा वाकेना. सायकल कायमची सुटली.

मी त्याला भेटायला गेलो तो खरं सांगायचं ठरवूनच. त्याऐवजी, दर पंधरवड्याला मी तुला पावसला नेईन, असं बोलून गेलो. तो हो म्हणाला.

तो काठीवर चालू लागला तेव्हापासून माझ्या कॅरियरवर, ताठ पाय बाजूला काढून बसे. तरीतून पलीकडे गेलो की चढावर मी सायकल ढकलत असे आणि तो काठी टेकत शेजारून चाले. पावसला त्याची आई मला आधी पाणी देई, मग त्याला. निघताना आमसुलांची पुडी हातात ठेवी. एकदा माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "तू आहेस म्हणून मला ह्याचं तोंड दिसतं हो." परतीच्या वाटेवर ती पुडी खिशात निखाऱ्यासारखी वाटत होती.

तीन वर्षं अशी गेली. एका रविवारी भाट्याच्या काठावर तरीची वाट पाहत बसलो असताना मी एकदाचं सांगून टाकलं. मी तुला पडलेला पाहिला होता, आणि चेनीचंही मी खोटंच बोललो, असं सगळं. तो खाडीकडे बघत होता.

"मला ठाऊक आहे," तो म्हणाला. "तू मान वळवलीस ती मी पाहिली."

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू तोंड चुकवलं असतंस. मला पावसला न्यायला कोण होतं?"

 मग त्यानेच सांगितलं की पहिलं वर्षभर माझ्या पाठीमागे बसून तो दर खेपेला रागाने माझं ते मान वळवणंच घोकत असे, आणि नंतर कंटाळला. मी म्हटलं, आईलाही सांगतो. त्याने मान हलवली.

"तिला सांगू नकोस. तिला तू आवडतोस. तेवढं तिच्याकडे राहू दे."

म्हणून तिचं कौतुक मी आणखी दोन वर्षं ऐकून घेतलं. ती गेली तेव्हा खांदा द्यायला मीही होतो. दिवस पार पडल्यावर मास्तराने मला निरोप पाठवला की आता पंधरवड्याला यायची गरज नाही. बाजारात भेटला की तो थांबे, शाळेचं बोले, माझ्या मुलांची चौकशी करी. घरी मात्र त्याने मला पुन्हा बोलावलं नाही, आणि मीही कधी आपणहून गेलो नाही.