रविवारचा डाव आणि बाबा

बाबा निवृत्त झाले, दिल्लीतलं आर. के. पुरमचं सरकारी घर सोडावं लागलं, आणि आई-बाबा माझ्याकडे गुरुग्रामला राहायला आले. आईने पंधरा दिवसांत सोसायटीतलं बायकांचं भजन मंडळ गाठलं. बाबांनी गॅलरीतली खुर्ची गाठली. ते एका मंत्रालयात आस्थापना शाखेत होते. रजा, बढती, पेन्शन, सगळे नियम कलमांसकट पाठ. नोकरीत असताना घरीही लोक फोन करून नियम विचारायचे. इथे विचारणारं कोणी नव्हतं. लिफ्टमधली माणसं फोनवर बोलत असायची, त्यामुळे बाबांचं 'नमस्ते'सुद्धा अर्धवट राहायचं.

दर रविवारी सकाळी माझ्या जेवणाच्या टेबलाभोवती आमचा डाव बसायचा. हा खेळ मी दिल्लीतल्या मुनिरकात शिकले, विद्यापीठात असताना, मैत्रिणींनी मिळून भाड्याने घेतलेल्या खोलीत. एकाने सूत्रधार व्हायचं. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं, कोणी तलवारबाज, कोणी चोर, कोणी मांत्रिक. समोर काय आहे ते सूत्रधार सांगणार, आपण काय करतो ते आपण सांगायचं, आणि जमेल की नाही अशी शंका आली की फासे टाकायचे. तेव्हाचं आमचं नियमांचं पुस्तक म्हणजे झेरॉक्स करून स्पायरल घातलेलं जाडजूड बाड होतं. निम्मं पुस्तक तक्त्यांनीच भरलेलं. खरं सांगायचं तर आम्ही त्यातली तीसेक पानं वाचली असतील. बाकी सगळा अंदाजपंचे कारभार, आणि अजूनही तेच बाड वापरात.

आता आमची सूत्रधार होती माझ्या ऑफिसातली एक मुलगी. सुभेदाराची लेक, दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये वाढलेली. मराठी झकास बोलायची, फक्त मधलेमधले शब्द गळालेले. उंबरठा म्हणजे काय, ते तिला माझ्याकडूनच कळलं. खेळायला मी आणि बाराव्या मजल्यावरचं एक पंजाबी जोडपं, दोघंही दातांचे डॉक्टर. टेबलावर बहुतेक हिंदीच चालायची.

एका रविवारी वाद झाला. डॉक्टरांचं पात्र अंगभर चिलखत घालून दोरावरून चढू पाहत होतं. सूत्रधार म्हणाली चालेल, मी म्हटलं चालणार नाही. गॅलरीतून आवाज आला, "नियम काय म्हणतो?"

बाबा पेपर घडी करून आत आले होते. मी म्हटलं, "बाबा, असेल कुठेतरी. एवढं कोण शोधणार?"

"आण ते पुस्तक इकडे."

ते पुस्तक आठवडाभर त्यांच्या हातातून सुटलं नाही. सेवानियम वाचावेत तसं पहिल्या पानापासून, पेन्सिल घेऊन. समासात बारीक अक्षरात खुणा, 'पृष्ठ बासष्टही पाहा'. बुधवारी त्यांनी मला ऑफिसात फोन केला. "अगं, उंचावरून पडून होणाऱ्या इजेचा नियम दोन ठिकाणी दिलाय आणि दोन्हींत फरक आहे. कुठला ग्राह्य धरता तुम्ही?" मी मीटिंगमध्ये होते. इतकी हसले की बाहेर जावं लागलं.

पुढच्या रविवारी बाबा टेबलावर बसले. पात्र घेतलं व्यापारी तांड्याच्या कोठाराच्या प्रमुखाचं, हातात कुऱ्हाड. त्या दिवशी घाटात वीस-पंचवीस लुटारूंनी आम्हाला घेरलं. कसाबसा त्यांचा म्होरक्या पडला, पण आमच्यातही कोणी धड उभं नव्हतं. सूत्रधार पुढचा फासा टाकणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, "एक मिनिट. म्होरक्या पडला की बाकीच्यांच्या धीराची परीक्षा घ्यायची असते."

"अंकल, ये कहाँ लिखा है?" डॉक्टरांनी विचारलं.

"पेज एक सौ सात. नीचे से दूसरा पैरा."

सूत्रधाराने पान काढलं. होतं तसंच. फासा टाकला, आणि ते वीस-पंचवीस लुटारू हत्यारं टाकून पळत सुटले. मुनिरकात आम्ही प्रत्येक लढाई शेवटचा शत्रू पडेपर्यंत लढायचो, त्यात आमची किती पात्रं हकनाक मेली असतील! ते पान कोणी वाचलंच नव्हतं. सूत्रधार खुर्चीतून उठून म्हणाली, "काका, तुम्ही ग्रेट आहात." बाबांनी चष्मा पुसला.

वर्षभर असं छान चाललं. मग सूत्रधाराने नवा खेळ आणला. एकूण बारा पानांचा. त्यात तक्ते नव्हते, सामानाची वजनं नव्हती. दोनच फासे टाकायचे. दहा किंवा वर आलं तर काम फत्ते, सात ते नऊ आलं तर काम होतं पण काहीतरी किंमत मोजावी लागते, त्याखाली आलं तर संकट. जग मात्र सूत्रधार एकटी उभं करत नाही, खेळणाऱ्यांनाच विचारत जाते. पहिल्याच दिवशी तिने बाबांना विचारलं, "काका, या गावाच्या वेशीवर काय दिसतं तुम्हाला?"

"मला काय दिसणार? पुस्तकात काय दिलंय?"

"पुस्तकात नाहीये. तुम्ही सांगाल ते."

"मी सांगेन ते? मग नियम कशाला?"

त्यापुढे ते फारसं बोललेच नाहीत. पुढच्या रविवारी म्हणाले, "तुमचं चालू द्या," आणि खाली बागेत फिरायला गेले. त्याच्या पुढच्याही रविवारी तेच. आई म्हणाली, "त्यांना आजवर कोणी 'तुम्हीच ठरवा' म्हटलेलंच नाही. घाबरलेत ते."

तिसऱ्या रविवारी सूत्रधार वर न येता थेट बागेत गेली. मला फोन केला, "तूपण ये." बाबा बाकावर बसले होते. तिने शेजारी बसून विचारलं, "काका, ऑफिसमध्ये कधी असं व्हायचं का, की केस समोर आहे आणि नियमात त्याबद्दल काहीच नाही?"

"व्हायचं की. पुष्कळदा."

"मग काय करायचात?"

"काय करणार? माणूस बघायचा, प्रकरण बघायचं, आणि आपल्या बुद्धीला पटेल ते टिपण लिहायचं. खाली सही आपली. खरं काम तेच असायचं. बाकीचं कोणीही करतं."

"मग काका, या नव्या खेळात तेवढंच काम ठेवलंय. बाकीचं काढून टाकलंय."

बाबा उठले आणि लिफ्टकडे चालू लागले.

त्या दिवशी आमची पात्रं नदीपलीकडच्या एका शहरात पोचली होती. बाबांचं पात्र तिथे आधीपासून राहत होतं, मुळात परमुलखातून आलेलं. सूत्रधाराने हिंदीत विचारलं, "काका, याला तेव्हा इथली भाषा येत नव्हती. पहिला महिना कसा काढला त्याने?"

बाबा हिंदीतच सांगायला लागले.

"तो सुट्टीच्या दिवशी सकाळी गाडीत बसायचा. चार पैशांत शहराच्या दुसऱ्या टोकाला जाणारी घोडागाडी. काम काही नसायचं. पण गाडीत लोक बोलायचे, ते ऐकायचा. उतरला की एखाद्या झाडाखाली उभं राहून तीच वाक्यं हळू आवाजात म्हणून बघायचा."

"का? विचारायचं कोणाला तरी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"पहिल्याच दिवशी त्याची फजिती झाली होती. त्याने घरमालकिणीला आपल्या मुलखाच्या रीतीने, आदराने, 'बाई' म्हणून हाक मारली."

"हाय!" डॉक्टरीणबाईंनी तोंडावर हात ठेवला. दिल्लीत त्या शब्दाला कोठ्यावरच्या बाईचा वास येतो हे त्यांना सांगायला नको होतं.

"गल्लीतले सगळे हसले. ती रागावली. दुसऱ्या दिवशी खोली सोडावी लागली. त्यानंतर महिनाभर तो कोणाशी बोललाच नाही."

मला जन्मापासून माहीत असलेले बाबा दूधवाल्यापासून सचिवांपर्यंत सगळ्यांशी अस्खलित हिंदी बोलणारे. ते दिल्लीत आले तेव्हा बावीस वर्षांचे होते, एवढंच मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "बाबा, हे..."

"पात्राबद्दल बोलतोय मी," ते मराठीत म्हणाले, आणि माझ्याकडे पाहिलं नाही.

सूत्रधाराने सांगितलं की वेशीवर एका परक्या बाईला पहारेकऱ्यांनी धरलंय, तिच्या तोंडून भलताच शब्द गेलाय. "काय करता?"

"मी पुढे होतो. तिला काय म्हणायचं होतं ते मी त्यांना समजावून सांगतो."

फासे टाकले. आठ. काम झालं, पण किंमत. तिने ती किंमतही त्यांनाच ठरवायला सांगितली.

"पहारेकरी मला ओळखायला लागले," बाबा म्हणाले. "यापुढे कोणीही परका आला, की ते त्याला माझ्या दारात आणून उभा करणार. जेवत असलो तरी."

"काका, ही किंमत?"

"मग? रोजची कटकट आहे ती."

त्यानंतर महिनाभरात बाबांनी स्वतः सूत्रधार व्हायचं ठरवलं. खेळ जुना, पुस्तक जाडं. ती मुलगी आमच्या टेबलावर पहिल्यांदाच पात्र खेळणार होती. तिने एक तोंडाळ चोरटी केली होती, आणि तीन रविवारांत आम्ही सगळे त्या चोरटीवर भाळलो. चौथ्या रविवारी एका पडक्या गढीत तिने आम्हाला वाचवण्यासाठी एकटीने दार धरून ठेवलं. विषारी बाण लागला. जगण्यासाठी फासा टाकला, जेमतेम दोन आला.

बाबांनी पुस्तक उघडलं. ते पान त्यांना पाठ होतं, तरी उघडलं. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो. मला वाटलं, काहीतरी पळवाट काढतील. डॉक्टर म्हणालेसुद्धा, "अंकल, छोड़ दीजिए ना."

"नियम स्पष्ट आहे," बाबा म्हणाले. "ती गेली."

मग त्यांनी पुस्तक मिटून बाजूला सारलं. "आता एकेकाने सांगा. तिची अशी एक गोष्ट, जी या टेबलावर घडली नाही, पण घडली होती."

जुन्या पुस्तकात असं काही नव्हतं. हे त्या बारा पानांतून आलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, ती चोरलेली सफरचंदं घोड्यांना चारायची. त्यांच्या बायकोने सांगितलं, तिला अंधारात झोप यायची नाही. मी सांगितलं की तिने मला दोनदा गाठ मारायला शिकवलं आणि दोन्ही वेळा मी विसरले. चोरटी जिची होती, ती हातात फासा धरून ऐकत होती. डोळे भरलेले आणि चेहरा हसरा.

"काका," ती म्हणाली, "इतकी वर्षं खेळतेय. इतकं चांगलं मरण मला कोणी दिलं नव्हतं."

बाबा म्हणाले, "चांगलं खेळलीस म्हणून." मग पुस्तक पुन्हा ओढलं, कोरा कागद तिच्यापुढे सरकवला आणि विचारलं, "नवीन कोण होणार तू?" दुपारी आई भजनाहून आली तेव्हा ती दोघं अजून तिथेच बसली होती, आणि बाबा तिला कुठल्या पात्राला किती ओझं झेपतं ते ओळीओळीने समजावत होते.