दीपक राऊळने दिलेला पास

दीपक राऊळसमोर यतीन तळपदेचं नाव काढायचं नाही, हे लालबागच्या त्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. काढलंत की मेलात. हातातलं काम बाजूला, चहा गार, आणि एकोणनव्वद सालची बास्केटबॉलची फायनल पहिल्या शिट्टीपासून सुरू! एरवी माणूस अगदी साधा. वय सत्तावन्न, जिन्याखाली पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान, बोटांना कायम वार्निशचा वास, डाव्या भुवईवर नऊ टाक्यांचा व्रण. बोलणं बेताचंच. पण यतीन म्हटलं की त्याच्या अंगात यायचं.

त्या जूनमध्ये मंडळाच्या खोलीत पहाटे सहालाच टीव्ही लागत होता. अमेरिकेतल्या बास्केटबॉलची फायनल चालू होती. सात सामन्यांची मालिका, जो आधी चार जिंकेल तो चॅम्पियन. तिकडची रात्र ती आपली सकाळ, म्हणून पोरं डोळे चोळत, टूथब्रश तोंडात घेऊन येत. मालिका तीन-तीन झाली होती, सातवा सामना सोमवारी होता, आणि वाद एकच: तिकडचा तो स्टार खरंच सगळ्यात मोठा की नुसती हवा?

"चाळीस पॉइंट मारले काल! चाळीस!" सिद्धांत ओरडला. हा पोरांचा म्होरक्या, फिजिओथेरपी शिकायचा आणि वाद घालायला कधी थकायचा नाही. "अजून काय पाहिजे?"

"आणि शेवटच्या मिनिटाला गायब," दुसरा म्हणाला. "मोठा खेळाडू शेवटच्या मिनिटाला कळतो रे."

दीपक दारातच उभा होता. हे वाक्य म्हणजे त्याला आमंत्रणच. "शेवटचं मिनिट बघायचं होतं तर आमच्या यतीनचं बघायचं! चार सेकंद राहिलेले, एका पॉइंटने मागे. लाइनीवरून मी पास दिला, तीन जण अंगावर, आणि तिघांच्या डोक्यावरून..."

"काका, पाठ झालंय," सिद्धांत हसला. "एक सांगा, तुमचा यतीन कधी कोणाला पास द्यायचा का?"

"त्याला काय गरज?"

"बघा! म्हणजे हावरट. अशांना आम्ही ग्रेट म्हणत नाही."

"गप रव मेल्या! तुका काय कळता!" दीपकच्या घरची मालवणी अशी रागात बाहेर पडायची.

या भांडणाला कारणही होतं. मागच्या टॉवरच्या बिल्डरने मंडळाला सिमेंटचं अर्धं कोर्ट बांधून दिलं होतं. त्याला यतीनचं नाव द्यावं म्हणून दीपक वर्षभर घरोघर सह्या गोळा करत फिरला होता. पोरांचा विरोध होता. ज्याला आम्ही कधी खेळताना पाहिलंच नाही त्याचं नाव कशाला? रविवारी बैठकीत निकाल लागायचा होता. दीपकला दुसरं काही नको होतं. त्याच्या बापाची, कुशाबाची, मिल संपात गेली ती कायमची, स्वतःला नोकरी लागली नाही, ते सगळं त्याने मुकाट्याने गिळलं. पण ज्या माणसाच्या हातून आपला संघ एकदाच, फक्त एकदाच, चॅम्पियन झाला, त्याचं नाव भिंतीवर लागलेलं त्याला मरण्याआधी बघायचं होतं.

आणि नेमकी त्याच आठवड्यात त्याच्या मुलीने, अनुजाने, बातमी आणली. चाळीतला अजित शूटिंगवाला दोन वर्षांपूर्वी गेला होता. लग्नांची व्हिडिओ शूटिंग हा त्याचा धंदा. त्याची सून जुन्या कॅसेटी रद्दीत काढत होती. एकीवर लिहिलं होतं, ‘कांताचं लग्न, भायखळा’, आणि खाली बारीक अक्षरात, ‘फायनल, तिसरी मॅच’, म्हणजे तीच निकालाची. लग्नाची रीळ उरली होती ती बहाद्दराने बास्केटबॉलवर संपवली होती! अनुजाने दादरला जाऊन ती पेन ड्राइव्हवर उतरवून आणली.

"बाबा, मी आधी बघू का?"

"अजिबात नाही. सगळ्यांसमोर बघायची." दीपक थेट मंडळात गेला आणि पोरांना ऐकवलं, "रविवारी बघा डोळे फाडून. यतीनची ती बास्केट त्यात नाही दिसली, तर परत त्याचं नाव तोंडातून काढणार नाही. आणि दिसली, तर पाटी त्याच्याच नावाची."

"डन," सिद्धांत म्हणाला.

खरं तर दीपकने स्वतः ती बास्केट पाहिलीच नव्हती. म्हणजे पाहिली असेल, पण आठवत नव्हती. त्याच क्षणी तो रिंगच्या लोखंडी खांबावर आपटला होता. शुद्ध आली ती परळच्या इस्पितळात, दुसऱ्या दिवशी. कॉटशेजारी यतीन बसला होता, हातात पेपर. त्यात छापलं होतं, तळपदेची निर्णायक बास्केट. पुढचं सगळं लोकांनी सांगितलं, ते त्याने घोटून घोटून आपलं केलं. दर वर्षी मंडळाच्या वर्धापनदिनाला यतीनला पाहुणा म्हणून बोलवायचं आणि दीपकने माईकवरून ती बास्केट सांगायची, हा रिवाजच पडला. यतीन मान खाली घालून बसायचा आणि जेवायला न थांबता निघून जायचा. मोठा माणूस, बँकेत मॅनेजर, त्याला कुठला वेळ, असं दीपकच सगळ्यांना समजावायचा.

रविवारी दहाला खोली गच्च भरली. दीपकने इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्याची बायको प्रिती दारात उभी राहिली. आधी कांता नावाच्या कोणा नवरीची पाठवणी झाली, पोरं खिदळली, मग एकदम कोर्ट आलं. संध्याकाळ, पिवळट उजेड, दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती. अजितने स्टुलावर चढून रिंगच्या मागून शूटिंग घेतलं होतं.

"तो चार नंबर, यतीन!" दीपकचा आवाज चिरकला. "बघा उडी! आणि तो नऊ नंबर, लाइनीवर, तो मी. आता बघा. आता पास देतो."

नऊ नंबरने लाइनीवरून बॉल आत टाकला. यतीनने तो घेतला. तीन जण त्याच्या अंगावर गेले. यतीन उडाला, तिघांच्या वर गेला, हात उंच, आणि तिथून त्याने बॉल रिंगकडे टाकलाच नाही. मागे सोडला. न बघता, खांद्यावरून. तिथे नऊ नंबर धावत आला होता. त्याने तो घेतला, एक पाय उचलला, आणि बॉल रिंगमागच्या फळीला लागून आत गेला. नऊ नंबर तसाच पुढे जाऊन खांबावर आदळला. तेवढ्यात गर्दी कोर्टात घुसली आणि चित्र हललं.

सगळ्यांच्या माना दीपककडे वळल्या.

"परत लाव," दीपक म्हणाला.

अनुजाने परत लावलं. यतीन उडाला, बॉल मागे, नऊ नंबर, आत.

"परत."

तिसऱ्यांदा त्याने खुर्ची टीव्हीला चिकटवली. नऊ नंबर माझा. ती चड्डी माझी, ती मुंडी पुढे काढून धावायची सवयही माझीच.  समोरचा पोरगा तो स्वतः होता आणि त्याला तो ओळखतच नव्हता. त्या गर्दीत स्कोअर लिहिणाऱ्याला यतीनची उडी दिसली, बॉल जाळीतून पडताना दिसला, आणि त्याने चार नंबर लिहून टाकला. पेपरवाल्याने तेच उचललं. पण यतीनला? यतीनला तर ठाऊक होतं ना!

"हे तुमीच मां?" प्रितीने विचारलं. तिचा आवाज एवढासा झाला होता.

मग एकच गिल्ला झाला. "काकाऽ! बास्केट तुमची!" सिद्धांतने दीपकला मिठीच मारली. "आणि पास यतीनचा! बापरे, काय पास आहे तो! न बघता! मी त्याला हावरट म्हणालो, माझं चुकलं. पण पाटी तुमच्या नावाची लागणार, फिक्स!"

"गप बसा रे!" दीपक असा ओरडला की पोरं मागे सरली. "माझं नाव नको. आणि यतीनचं पण काढा. माझी सही खोडा पहिली."

प्रिती मात्र गप्प बसणारी नव्हती. एकोणनव्वद साली खेळाडूंच्या कोट्यातून बँकेत एक जागा होती, एकच, आणि बँकेचा साहेब ती फायनल बघायला आला होता आणि त्याने ती यतीनला दिली, हे लग्न झाल्यापासून नवऱ्याच्याच तोंडून तिने शंभरदा ऐकलं होतं. अभिमानाने सांगायचा तो! "ती जागा तुमची होती," ती म्हणाली. "तुमची! आणि तुम्ही छत्तीस वर्षं त्या चोराचे पोवाडे गायलात? माईक लावून?"

दीपकने चपला घातल्या आणि तो निघाला.

बसमध्ये त्याने शिव्या जुळवल्या. एकेक ठेवणीतली काढली. थोबाडीत मारायचं हेही ठरवलं. शिवाजी पार्कच्या मागे यतीनचं घर, दुसरा मजला. गुडघ्याची ऑपरेशनं झालेला यतीन काठी टेकत दार उघडायला आला, आणि दीपकचं तोंड बघूनच समजला असावा.

"टेप निघाली," दीपक म्हणाला. "अजितची. रिंगच्या मागून घेतलेली."

यतीन तसाच दार धरून उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे आता तू सगळ्यांना दाखवलंस. बरं झालं. सुटलो एकदाचा."

"सुटलो? हरामखोरा, इस्पितळात मी तुला विचारलं होतं, कोणी टाकला. तू ‘मी’ म्हणालास!"

"म्हणालो. पेपरात छापून आलं होतं, बँकेचा साहेब सकाळीच घरी येऊन गेला होता. म्हणालो मी, जीभ झडली नाही माझी. पण तू काय केलंस? तू माझ्या डोळ्यांत बघून हसलास. म्हणालास, मला माहीतच होतं. आणि माझा हात दाबलास."

"मग?"

"मग काय? मला वाटलं, ह्याला सगळं आठवतंय. आठवतंय आणि हा मला देऊन टाकतोय. त्या दिवशी पळालो मी तिथून, दीपक. परत तुझ्याकडे यायची हिंमत झाली नाही. आणि नंतर तू दर वर्षी बोलावून न्यायचास, माईक घ्यायचास, माझ्याकडे बोट दाखवायचास, तिघांच्या डोक्यावरून टाकला म्हणे! सगळे टाळ्या वाजवायचे. मला वाटायचं, हा माणूस भर मांडवात माझी सालटी काढतोय आणि वर हसतोय. चार चार दिवस मला झोप लागायची नाही. पण नाही यावं, तर तू खरं सांगशील ही भीती. म्हणून यायचो."

 आयुष्यभर ज्याची आरती ओवाळली, त्याला ती चाबकासारखी बसत होती! "मला माहीत नव्हतं," दीपक म्हणाला. "आईशप्पथ, यतीन. मला काहीच आठवत नव्हतं. आज सकाळी कळलं."

"काय?"

"आज सकाळी. दहा वाजता."

यतीनची काठी हातातून सुटली. तो भिंत धरत धरत आत गेला आणि कोचावर बसला.  छत्तीस वर्षं तो ज्याच्या नजरेला भ्याला, त्या नजरेत काही नव्हतंच. "मग ते सगळं तू मनापासून..." एवढंच त्याला म्हणता आलं, आणि म्हातारा ओक्साबोक्शी रडायला लागला.

दीपक समोर उभाच होता. शिव्या सगळ्या पाठ होत्या, पण एकही बाहेर येईना. राग गेला होता असं मुळीच नाही. बँकेची ती जागा आता जन्मात परत येणार नव्हती, प्रितीचे कष्ट परत येणार नव्हते, आणि ह्याच्या रडण्याने त्यातलं काही भरून निघत नव्हतं. पण त्याला आत कुठेतरी भलतीच भूक लागली होती. तो खुर्ची ओढून यतीनच्या समोर बसला.

"रडतोस काय? ऐक. टेपवर नीट दिसत नाही. गर्दीतल्या कोणाला कळलं नाही, मला तर आठवतच नाही. आपल्यातला जवळून पाहिलेला तू एकटा आहेस. माझ्या हातात बॉल आला, मग काय झालं? सांग मला."

यतीनने बाहीने नाक पुसलं. 

"चार सेकंद होते," तो म्हणाला. "तू लाइनीवरून बॉल दिलास. मी उडालो. समोर नुसते हात, रिंग दिसेना. मनात आलं, गेली मॅच. तेवढ्यात मागून तू हाक मारलीस."

"काय म्हणून?"

"माझं नाव घेऊन."

दीपक खुर्चीच्या टोकावर सरकला. "पुढे?"