चाळीस मिनिटं वाचवणारा मामा

माझा मामा घड्याळं दुरुस्त करतो. त्याला गाडी चालवता येत नाही आणि आयुष्यात तो एकदाच खोटं बोललाय, तेही मामीने केस बारीक कापून घेतले तेव्हा. नेमका याच माणसाचा चेहरा टोल कंपनीने जाहिरातीवर लावला.

झालं असं, की एका फोटोग्राफरचं जुनं घड्याळ मामाने तीन दिवस खपून चालू केलं. बंद घड्याळ टिकटिकायला लागलं की मामा पोरासारखा हसतो. फोटोग्राफरने तेवढ्यात फोटो काढला आणि विचारलं, "छान आलाय. वापरू का कुठे?"

"वापरा की, माझं काय जातंय?" मामा म्हणाला.

महिन्याभरात नव्या महामार्गावर, टोलनाक्याच्या जरा अलीकडे, मामा दोन मजली उंच होऊन उभा राहिला. डोळ्याला भिंग तसंच. खाली लिहिलेलं: 'टोल भरला आणि माझी रोजची चाळीस मिनिटं वाचली!'

मामाचं दुकान घरापासून पायी चार मिनिटांवर आहे. चाळीस वाचवायची म्हणजे त्याला घरातून निघायच्या छत्तीस मिनिटं आधीच दुकानात पोचायला हवं.

पण हे सांगणार कुणाला? रांगेत तापलेली ओळखीची मंडळी मान वर करायची, तर समोर हा हसत असायचा. मग तो राग घेऊन ती दुकानात यायची. एकजण तावातावाने म्हणाला, "माझी चाळीस मिनिटं टाका इथे!"

मामाने सवयीने विचारलं, "पावती आहे?"

त्याने टोलची पावती काउंटरवर आपटली.

मी पोट धरून हसले. नंतर माझीच मला लाज वाटली. कारण मामाचा धंदाच मिनिटांवर चालतो. घड्याळ परत देताना तो सोबत चिठ्ठी देतो: 'रोज अर्धं मिनिट पुढे जाईल' किंवा 'थंडीत मागे पडेल'. लोक त्या चिठ्ठीवर डोळे मिटून विश्वास ठेवायचे. आता चिठ्ठी वाचून एकमेकांना डोळा मारायला लागले. कुणी कुणी तर उघडलेली घड्याळं तशीच पुडीत बांधून परत नेली. एका सकाळी मामीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि मग हळूच मोबाइलमध्ये बघितलं. मामाने ते पाहिलं. त्या दिवशी तो जेवला नाही.

माझं डोकं सणकलं. मामाला भाड्याच्या गाडीत बसवून मी थेट टोल कंपनीच्या कचेरीत नेलं. साहेबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं.

"काका, चाळीस मिनिटं वाचतातच. रस्त्यावर."

"आणि नाक्यावर एक्केचाळीस जातात," मामा म्हणाला. येताना त्याने तीन घड्याळं लावून मोजलं होतं.

"ती नाक्यावर जातात. जाहिरात रस्त्याची आहे."

"मग नाका काय आभाळात आहे?" मी विचारलं.

"ताई, तक्रार फक्त गाडीमालकाला करता येते. काकांकडे गाडी आहे?"

"नाही."

"मग यांचं नुकसान काय झालं?"

मामा उठला. दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून तो पाटी, खडू आणि मला घेऊन नाक्यावर आला. स्वतःच्याच होर्डिंगखाली उभं राहून त्याने रांग मोजली आणि पाटीवर लिहिलं: 'आत्ता ४१ मिनिटं लागतील.'

एका ट्रकवाल्याने वर पाहिलं, खाली पाहिलं. "तुम्ही दोघं भाऊ का?"

"मीच आहे तो."

"मग आधी तुमचं आपसात ठरवा की!"

तेवढ्यात नाक्यावरचा रखवालदार धावत आला. कंपनीच्या जाहिरातीतल्या माणसाचं सोंग घेतलंय, असा त्याचा आरोप होता. मामाने ओळखपत्र दाखवलं. रखवालदाराने ते निरखलं. "वरचा हसतोय. तुम्ही हसून दाखवा."

मामाने खूप प्रयत्न केला. जमलं नाही.

"बघा! बाजूला व्हा," रखवालदार म्हणाला आणि त्याने पाटीला हात घातला. मी ती सोडली नाही. आमची ओढाओढ चालली असताना शेजारच्या गाडीतली एक बाई फोनवर बोलत होती. स्पीकर चालू होता.

"आई, मला अजून एक्केचाळीस मिनिटं लागतील."

"कोण म्हणतं? तो जाहिरातीतला?"

"नाही गं, तो वर आहे. खाली एक काका उभे आहेत, घड्याळात बघून सांगतायत."

मामा आम्हाला तसंच सोडून तिच्या खिडकीशी गेला. तो म्हणाला, "ताई, पंचेचाळीस सांगा. नाक्याची एक खिडकी आत्ताच बंद केली त्यांनी."

"आई, काका म्हणतात पंचेचाळीस."

"मग पंचेचाळीसच," फोनमधली आई म्हणाली.